प्रकाशाला मागे टाकणारे यान आणि हिशेब मागणारी माणसे

ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकात मिग-२१ विमाने बांधायला सुरुवात झाली. पुढे तिथेच सुखोई-३० तयार होऊ लागले. आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाऊ शकणारी विमाने ज्या जिल्ह्यात बनतात, तिथल्या माणसाला आवाजाच्या अडथळ्याचे फारसे अप्रूप उरत नाही. म्हणूनच प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या अंतराळयानाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. आवाजाचा अडथळाही एकेकाळी अभेद्यच मानला जात होता, १९४७ मध्ये चक येगर या वैमानिकाने तो ओलांडला. मग प्रकाशाचा अडथळा आज ना उद्या का ओलांडला जाणार नाही? शास्त्रज्ञ ‘अशक्य’ म्हणतात आणि नंतर तोंडघशी पडतात, असा त्याचा शेवट असतो.

युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण दोन अडथळ्यांची जातच वेगळी आहे. आवाजापेक्षा वेगाने काही जाऊच शकत नाही, असा निसर्गाचा नियम कधीच नव्हता. बंदुकीच्या गोळ्या येगरच्या कितीतरी आधीपासून आवाजाला मागे टाकत होत्या. बैल हाकणाऱ्याचा आसूड हवेत ‘फट्’ असा वाजतो, तो त्याचे टोक क्षणभर आवाजाच्या पुढे गेल्यामुळेच. येगरपुढची अडचण पंखांची, इंजिनाची आणि हादऱ्यांची होती, म्हणजे अभियांत्रिकीची. प्रकाशाच्या बाबतीत मात्र गोळी नाही, आसूड नाही, एकही उदाहरण नाही. आणि प्रयत्न केलेला नाही असेही नाही.

प्रयत्न रोज चालू आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यात प्रोटॉन कण पळवले जातात. २०१० मध्ये तिथे प्रत्येक प्रोटॉनला ३.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा दिली जात होती. २०२२ पासून ती ६.८ झाली. ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली, तर वेग किती वाढला? ताशी सुमारे २८ किलोमीटर! गल्लीतून आरामात जाणाऱ्या स्कूटरचा वेग. सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जाणाऱ्या कणाच्या वेगात, इतकी ऊर्जा ओतून, एवढीच भर पडली. आणि तरीही तो प्रकाशाच्या मागेच राहिला, सेकंदाला जेमतेम ३ मीटरने. हे ३ मीटर कितीही ऊर्जा ओतली तरी शून्य होत नाहीत. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेले समीकरण असे यंत्रात रोज तपासले जाते.

प्रोटॉनच्या जागी यान ठेवले की आकडे डोळे पांढरे करतात. एक टन वजनाची वस्तू, म्हणजे एक मध्यम मोटार, प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला न्यायची तर साऱ्या जगाला वर्षभर लागते जवळजवळ तेवढी ऊर्जा तिला द्यावी लागेल. तीही इंधनाचे वजन आणि वाया जाणारी उष्णता हिशेबात न धरता.

मग इतका अट्टहास कशासाठी? कारण अंतरे फार मोठी आहेत. सूर्याला सर्वात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने एवढे अंतर कापायला ७५ हजार वर्षे लागतील. माणसाने बनवलेली सर्वात वेगवान वस्तू म्हणजे पार्कर सूर्ययान. सूर्याच्या ओढीने त्याने डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला १९२ किलोमीटर वेग गाठला. तोच वेग टिकवला असे धरले, तरी साडेसहा हजार वर्षे. ताऱ्यांवर जायचे स्वप्न पाहणाऱ्या माणसाला ही संख्या ऐकून पळवाट शोधावीशी वाटली, तर त्याला दोष देता येत नाही.

पळवाट शोधणाऱ्यांमध्ये एक देशपांडे आहेत. १९६२ मध्ये अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या एका नियतकालिकात बिलानिउक, व्ही. के. देशपांडे आणि ई. सी. जी. सुदर्शन या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की सापेक्षतावाद प्रकाशाचा वेग ‘ओलांडायला’ मनाई करतो. पण जन्मापासूनच प्रकाशापेक्षा वेगवान असलेल्या कणाला मनाई करत नाही. सुदर्शन यांनी पुढे यासाठी दिलेला दाखला आपल्याला सहज पटावा असा होता. हिमालय कोणी ओलांडू शकत नाही म्हणून हिमालयाच्या उत्तरेला माणसेच नाहीत, असे कोणी म्हटले तर ते हास्यास्पद ठरेल. तिकडची माणसे तिकडेच जन्मली, त्यांना डोंगर चढून जावे लागले नाही. अशा कणांना १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी ‘टॅकिऑन’ हे नाव दिले.

यानाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी हा निबंध डोक्यावर घेतला; पण त्यातली अट पाहिली नाही. टॅकिऑनसाठी डोंगर दोन्ही बाजूंनी तेवढाच उंच आहे. त्याला प्रकाशाच्या वेगापर्यंत मंद करायलाही अमर्याद ऊर्जा लागेल. आपण इकडचे, ते तिकडचे. लोखंड, अॅल्युमिनियम आणि माणूस यांचे बनलेले यान तिकडे नेण्याची कोणतीही वाट त्या निबंधात नाही.

विषय तिथेच हसून सोडून देता आला असता. जयंत नारळीकरांनी तसे केले नाही. सुदर्शन यांच्यासोबत त्यांनी १९७६ मध्ये टॅकिऑन आणि विश्वरचना यांचा एकत्र विचार करणारा निबंध लिहिला. टॅकिऑन आहेत असे क्षणभर धरून चालू. मग प्रसरण पावणाऱ्या विश्वात त्यांचे काय होईल? गणित सांगते, की विश्व फुगत जाते तसे त्यांचा संवेग घटत जातो, आणि आरंभी निर्माण झालेले टॅकिऑन एका मर्यादेपलीकडे टिकूच शकत नाहीत. ज्या महास्फोट सिद्धान्ताला नारळीकर आयुष्यभर प्रश्न विचारत राहिले, त्याच्याही चौकटीत त्यांनी हा हिशेब करून पाहिला, हे विशेष. संजीव धुरंधर यांच्यासह त्यांनी टॅकिऑन कृष्णविवराजवळ गेले तर काय होईल, याचेही गणित मांडले. शोध घेऊनही टॅकिऑन आजवर सापडलेले नाहीत. पण ‘असेल तर कुठे दिसायला हवे’ हे आधी ठरवणे आणि मग तिथे पाहणे, या पद्धतीत कल्पनेचा अपमान नाही आणि तिला फुकटची सवलतही नाही.

दुसरी पळवाट अधिक प्रसिद्ध आहे. मिगेल अल्क्युबिएर या मेक्सिकन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये, वेल्समधील कार्डिफ येथे काम करत असताना ती मांडली. यान अवकाशातून वेगाने जाऊ शकत नाही ना? मग यान जागेवरच ठेवा आणि अवकाशच हलवा. यानाच्या पुढचे अवकाश आकसवायचे, मागचे पसरवायचे. मधल्या बुडबुड्यात यान शांत बसलेले असेल आणि बुडबुडा प्रकाशाला मागे टाकेल. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर उभा राहिलेला प्रवासी जसा पाय न उचलता पुढे जातो, तसे काहीसे. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादाच्या समीकरणांत हे बसते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेमुळे लोकांच्या तोंडी बसलेला ‘वार्प ड्राइव्ह’ हा शब्द तेव्हापासून भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांत आला.

समीकरणात बसते म्हणजे निसर्गात असते, असे मात्र नाही. अल्क्युबिएर यांनी स्वतःच लिहून ठेवले होते, की या बुडबुड्याला ऋण ऊर्जा लागते. म्हणजे रिकाम्या अवकाशात असते त्याहूनही कमी ऊर्जा. दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या की त्यांच्यामधल्या पोकळीत असे काहीसे, अत्यल्प प्रमाणात, घडते हे ठाऊक आहे. त्याला कॅसिमिर परिणाम म्हणतात. पण यानाला किती लागेल? १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड या दोघा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी हिशेब केला. शंभर मीटर त्रिज्येच्या बुडबुड्यासाठी लागणारी ऋण ऊर्जा आपल्याला दिसणाऱ्या साऱ्या विश्वातील वस्तुमानापेक्षाही कित्येक अब्ज पटींनी जास्त भरते. नंतर बुडबुड्याचा आकार बदलून इतरांनी हा आकडा काही सूर्यांएवढ्या वस्तुमानावर आणला. नासाच्या जॉन्सन केंद्रातले हॅरॉल्ड व्हाइट यांनी २०१२ च्या सुमारास तो काहीशे किलोवर आणल्याचे सांगितले. त्या कल्पनेवरून एका चित्रकाराने काढलेले दोन कड्यांच्या मधोमध बसलेल्या यानाचे सुंदर चित्र २०१४ मध्ये जगभर फिरले आणि नासा असे यान बांधत असल्याचे मथळे झळकले. नासा असे कोणतेही यान बांधत नव्हती. जे होते ते एक चित्र, आणि टेबलावर मावेल एवढा एक प्रयोग. त्यातून बुडबुडा निघाला नाही.

ऊर्जेचे गणित सुटले असते तरी बाकीच्या अडचणी उभ्याच होत्या. बुडबुडा प्रकाशापेक्षा वेगाने जात असेल, तर आत बसलेल्याने पाठवलेली कोणतीही आज्ञा बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे गाडीला ना सुकाणू, ना ब्रेक. २००९ मध्ये एका गटाने दाखवले की पुंजयांत्रिकीचा विचार केला तर असा बुडबुडा फार काळ टिकूच शकत नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी वेगळीच बाब पुढे आणली. वाटेत भेटणारे कण बुडबुड्याच्या कडेला साठत जातील आणि थांबताच प्रचंड ऊर्जेनिशी पुढे फेकले जातील. ज्या ग्रहाला भेटायला गेलो, तो पोहोचताक्षणीच भाजून निघायचा.

पण यातली सर्वात अवघड अडचण ऊर्जेची नाहीच. ती काळाची आहे. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप नेणारे यंत्र आपल्याकडे आहे असे समजा. नाशिकहून एक निरोप दूर निघालेल्या यानाकडे पाठवला. ते यान आपल्यापासून भरधाव दूर जात असल्याने ‘आत्ता’ म्हणजे कोणता क्षण, याबद्दल त्याचे आणि आपले मत वेगळे आहे. सापेक्षतावादाचा तो मूलभूत निष्कर्ष आहे. यानाने तसल्याच यंत्राने उत्तर पाठवले, तर ते आपल्याला निरोप पाठवण्यापूर्वीच मिळू शकते. सोडतीचा निकाल तिकीट काढण्याआधी! १९९६ मध्ये अॅलन एव्हरेट यांनी दाखवले, की दोन वार्प बुडबुडे योग्य रीतीने वापरले तर नेमके हेच घडते. म्हणून बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ अशा यानाबद्दल साशंक असतात. प्रकाशाचा वेग ओलांडू द्यायचा, तर कारण आधी आणि परिणाम नंतर, ही सगळ्या विज्ञानाची बैठकच सोडून द्यावी लागते.

इथे कोणी म्हणेल, की अवकाशावर तरी प्रकाशाचे बंधन कुठे आहे? दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशापेक्षा वेगाने दूर जात आहेतच. ते खरे आहे. पण त्या मार्गाने कोणी निरोप पाठवू शकत नाही. अवकाशातला तरंग पाठवायचा म्हटले, की बंधन लगेच लागू होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण पृथ्वीवर पोहोचले. सुमारे १३ कोटी वर्षांच्या प्रवासानंतर दोघांच्या येण्यात फरक होता १.७ सेकंदांचा. गुरुत्वाकर्षणही त्याच वेगमर्यादेत धावते. अशा लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे.

शास्त्रज्ञ नव्या गोष्टींना दार लावून बसलेले असतात, या तक्रारीची परीक्षा २०११ मध्ये झाली. २३ सप्टेंबरला ‘ऑपेरा’ प्रयोगाच्या गटाने जाहीर केले, की सर्नहून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचलेले न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा ६० अब्जांश सेकंद आधी आले. त्यांना कोणी हाकलून दिले नाही. उलट जगभरचे शास्त्रज्ञ कामाला लागले. जिम अल-खलिली या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने हे खरे ठरले तर टीव्हीवर आपली चड्डी खाईन, असे सांगून टाकले; पण बाकीच्यांनी कागद-पेन्सिल उचलली. १९८७ मध्ये दिसलेल्या अतिदीप्त ताऱ्याचे न्यूट्रिनो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरून आले होते. ते ‘ऑपेरा’ म्हणते त्या वेगाने आले असते तर प्रकाशाच्या चार वर्षे आधी पोहोचले असते. प्रत्यक्षात ते काही तास आधी आले होते, आणि त्याचे कारणही ठाऊक होते: स्फोटातून उजेडाला बाहेर पडायला वेळ लागतो, न्यूट्रिनोला लागत नाही.

आणखी एक उत्तर नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या रामनाथ कौशिक यांच्याकडून आले. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह घड्याळाकडे पाहिलेच नाही; न्यूट्रिनो जन्मतात कसे, ते पाहिले. ते पायॉन नावाच्या कणाच्या विघटनातून निघतात. न्यूट्रिनो खरोखर प्रकाशापेक्षा वेगवान असतील, तर ऊर्जा आणि संवेग यांचा ताळेबंद असा बिघडतो, की जास्त ऊर्जेच्या पायॉनचे विघटन होणेच अवघड होईल आणि जास्त ऊर्जेचे न्यूट्रिनो आपल्याला मिळणारच नाहीत. पण अंटार्क्टिकाच्या बर्फातली ‘आइसक्यूब’ वेधशाळा तर ‘ऑपेरा’च्या कितीतरी पट ऊर्जेचे न्यूट्रिनो पाहत होती. म्हणजे चूक मोजमापात असणार. हा निबंध २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कळले, की एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. केबल घट्ट बसवली आणि न्यूट्रिनो मर्यादेत आले. इतका मोठा दावा इतक्या क्षुल्लक कारणाने कोसळला, याचे अनेकांना हसू आले. खरे तर ‘ऑपेरा’च्या गटाने आपली चूक शोधायला सगळ्यांना जाहीर बोलावले होते आणि सापडल्यावर ती स्वतः सांगितली, ही या गोष्टीतली मोलाची बाजू.

याच्या उलट चित्र मुंबईने जानेवारी २०१५ मध्ये पाहिले. भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन भारतात एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाणारी, मागेही उडू शकणारी विमाने होती असे सांगितले आणि भरद्वाजांच्या नावावर असलेल्या विमानशास्त्राच्या ग्रंथाचा आधार दिला. देशविदेशातून टीका झाली. तिच्यावर ‘परंपरेचा द्वेष’ असे शिक्केही बसले. पण या ग्रंथाचे उत्तर चाळीस वर्षे आधीच देऊन झाले होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी, ज्यात एस. एम. देशपांडे हे आणखी एक देशपांडे होते, १९७४ मध्ये त्यातल्या विमानांचे आराखडे गंभीरपणे तपासले. वजन किती, पंख्यांचा जोर किती, ते हवेत स्थिर राहील का, हे पाहिले. निष्कर्ष असा, की यातले एकही विमान उडू शकत नाही, आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. एका देशपांड्यांनी प्रकाशापलीकडच्या कणाला गणिताच्या आधारे जागा करून दिली, दुसऱ्यांनी विमानाला गणिताच्याच आधारे जमिनीवर ठेवले. कल्पना परदेशी की आपली, जुनी की नवी, याचा त्या हिशेबाशी काही संबंध नव्हता.

नारळीकरांचेही तेच. २००८ मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा एकूण २०० जणांच्या कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या. कोणती कोणाची ते ओळखायचे. शेवटपर्यंत २७ ज्योतिषी टिकले. त्यांची बरोबर उत्तरे ४६ टक्के निघाली. नाणे उडवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास निघाली असती.

हाच माणूस विज्ञानकथा लिहीत होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तिला पहिले बक्षीस मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना आडगावच्या मंडपात येता आले नाही, तरी विज्ञानकथा लिहिणाऱ्याला हा मान नाशिकने दिला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परग्रहवासी, यंत्रमानव, अवकाशातली संकटे हे सगळे त्यांच्या कथांत आहे. कथेत कल्पनेला मोकळीक आणि निबंधात तिच्याकडून हिशेब, ही सीमा त्यांनी कधी पुसट होऊ दिली नाही. वार्प ड्राइव्हच्या बातम्यांत घोटाळा होतो तो बहुतेक वेळा याच सीमेवर.

हिशेबाचे काम थांबलेलेही नाही. २०२१ मध्ये बॉब्रिक आणि मार्टिरे यांनी वार्प बुडबुड्यांची नव्याने वर्गवारी केली आणि ऋण ऊर्जा न लागणारे बुडबुडेही शक्य आहेत असे दाखवले. फक्त ते प्रकाशापेक्षा हळू जातात. २०२४ मध्ये एका गटाने असा एक बुडबुडा संगणकावर पूर्ण मांडून दाखवला. त्याच्या कवचाची बाहेरची त्रिज्या २० मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या सभागृहाएवढी जागा. त्यात कोंबायचे वस्तुमान गुरू ग्रहाच्या दुपटीहून अधिक. आणि वेग प्रकाशाच्या काही टक्के. हा बुडबुडा एका ठरावीक वेगाने जात राहतो एवढेच त्या गणितात आहे. थांबलेल्या बुडबुड्याला त्या वेगापर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न लेखकांनी पुढच्या कामासाठी ठेवला आहे.